बसल्या बसल्या

गेले तीन विकांत एका सरकारी चौकशी अहवालात गेले. अहवाल १८७२ सालचा, स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवरचा. कष्टाचा मोबदला पैशात न देता मालात द्यायची तिथे पद्धत होती, तिची ही चौकशी. विल्यम गथ्री नावाच्या वकिलाने लोकांना बोलावलं, प्रश्न विचारले आणि प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर असं सगळं छापून काढलं. जालावर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर तो फुकट वाचता येतो. त्यात कोळी आहेत, दुकानदार आहेत, आणि मला ज्यांच्याशी काम होतं त्या विणणाऱ्या बायका आहेत.

आता तुम्ही म्हणाल, दिवसभर कोड बडवणाऱ्या माणसाला शेटलंडच्या बायकांचं काय पडलंय? सांगतो. विणकामाची आवड असलेल्या मंडळींना 'शेटलंड लेस' हे नाव ठाऊक असतं. लोकरीची, पण कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणारी शाल. आज हे काम म्हणजे साठी-सत्तरीतला निवांत छंद समजला जातो. खिडकीतलं ऊन, मांडीवर लोकर, आणि सहा-आठ महिने चाललेली एकच शाल. घाई नाही, डेडलाइन नाही. आपल्यासारख्या दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट संपवणाऱ्यांना हेवा वाटावा असं चित्र :)

हे चित्र खोटं नाही, पण बरंच अलीकडचं आहे. जिथे ही कला वाढली तिथे म्हातारपणी लेस विणणं म्हणजे नेमकं काय होतं, ते मला बघायचं होतं.

आधी थोडा भूगोल. शेटलंड हा शंभरेक बेटांचा पुंजका, साठ अंश उत्तर अक्षांशावर. त्यातलं उन्स्ट हे ब्रिटनचं सगळ्यात उत्तरेचं वस्ती असलेलं बेट, आणि सर्वांत तलम लेससाठी तेच प्रसिद्ध. लर्विक या मुख्य गावापासून एडिंबरोपेक्षा नॉर्वेचं बर्गन जवळ पडतं. १४६९ पर्यंत ही बेटं डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाची होती. मुलीच्या हुंड्याचे पैसे जमेनात म्हणून त्याने ती स्कॉटलंडकडे गहाण टाकली, आणि गहाण काही सुटलं नाही. उन्हाळ्यात तिथे रात्र पुरती काळी होतच नाही. हिवाळ्यात, डिसेंबरच्या शेवटी, दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. झाडं जवळपास नाहीत, वारा मात्र अखंड. जळण म्हणजे पीट, दलदलीतली कुजकी माती कापून, वाळवून, चुलीत घालायची.

पुरुष समुद्रावर. सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्या घेऊन किनाऱ्यापासून कित्येक मैल आत मासेमारीला जायचे. काही जण ग्रीनलंडकडे देवमाशांच्या शिकारीवर, काही व्यापारी जहाजांवर. त्यातले बरेच परत यायचे नाहीत. १८३२ च्या जुलैमधल्या एका वादळात १०५ माणसं गेली. १८८१ च्या जुलैमध्ये ग्लूप इथल्या होड्या वादळात सापडल्या, एका रात्रीत ५८ जण बुडाले आणि मागे ३४ विधवा राहिल्या. १८६१ साली बेटांची लोकसंख्या एकतीस हजारांच्या आसपास होती आणि दर शंभर पुरुषांमागे बायका सुमारे एकशे चाळीस. म्हणजे ज्यांचं लग्नच झालं नाही, किंवा झालं आणि नवरा बुडाला, अशा बायका गावोगाव होत्या. त्या म्हाताऱ्या झाल्या की त्यांच्याकडे काय उरायचं? भाड्याचा जमिनीचा तुकडा, दोन-चार मेंढ्या आणि सुया.

विणकाम तिथे सगळ्याच बायका करत. पाठीवर पीटची पाटी, हातात सुया, चालता चालता मोजा विणला जातोय, असे त्या काळचे फोटो बघायला मिळतात. कमरेला चामड्याचा पट्टा, त्याला भोकं पाडलेली उशी, तिच्यात सुईचं एक टोक खोचायचं, म्हणजे सुईचा भार हातावर येत नाही आणि वेग वाढतो. विणकामाला तिथल्या बोलीत 'मेकिन' म्हणतात. म्हणजे नुसतं 'करणं'. काय करणं, ते वेगळं सांगावं लागायचं नाही.

पण मोजा चालता चालता होतो, लेस होत नाही. हे मला माझ्या मावशीमुळे कळलं. ती बँकेतून निवृत्त झाली, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर तिने शेटलंड पद्धतीची एक शाल विणायला घेतली. तिने समजावून सांगितलं ते असं. लेसमधलं प्रत्येक भोक मुद्दाम केलेलं असतं. धागा सुईवरून एक वेढा जास्तीचा घ्यायचा, की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. वाढलेला टाका कुठेतरी दोन टाके एकत्र विणून कमी करायचा. हे वाढवणं आणि कमी करणं कुठे, कोणत्या क्रमाने, यावरच सगळी नक्षी. साध्या विणीत टाका सुटला तर क्रोशाच्या सुईने वर उचलता येतो. लेसमध्ये सुटला तर आजूबाजूचे वेढेही घेऊन जातो, आणि खाली काय होतं ते कळेनासं होतं. म्हणून मावशी दर दहा-बारा ओळींनी सगळ्या टाक्यांतून शिवणाचा बारीक दोरा ओवून ठेवते. गडबड झाली तर तिथपर्यंत उसवायचं, त्याच्या खाली नाही. (चेकपॉइंट! मी म्हटलं. तिने माझ्याकडे 'याला सगळीकडे तेच दिसतं' अशा नजरेने पाहिलं.) लेस ती फक्त सकाळी साडेनऊ ते अकरा, बाल्कनीत उजेड असतो तोवर विणते. दुपारी साधा स्वेटर. संध्याकाळी काहीच नाही.

आता हाच हिशोब सहा तासांच्या दिवसाला लावा. घराच्या खिडक्या लहान, पीटचा धूर, माशाच्या तेलाचा दिवा. मेंढीच्या मानेजवळची सगळ्यात मऊ लोकर कात्रीने कापत नसत, हाताने उपटून घेत. ती निवडायची, पिंजायची, केसासारखी बारीक कातायची आणि दोन पदर एकत्र पिळायचे. पिंजण्या-कातण्यात घरातल्या वयस्क बायकांचा मोठा वाटा असे. ते बरंचसं बोटांचं काम, नजर मंदावली तरी जमतं. शिवाय तलम धाग्याला खरखरीत हात चालत नाही, तो अडकतो. दिवसभर पीट कापणाऱ्या तरुण हातांपेक्षा, शेतकाम झेपेनासं झालेले, घरात राहून थोडे मऊ पडलेले हात त्याला बरे.

नक्ष्या कागदावर नव्हत्या. लाटेची खूण, मांजराचा पंजा, पाखराचा डोळा, घोड्याची नाल, नेचा, अशी नावं, आणि नावामागचा क्रम डोक्यात. आईचं बघून मुलीने, आजीचं बघून नातीने उचललेला. आधी कडेची कातरी पट्टी विणायची, तिच्या काठावरून टाके उचलून किनार, आणि किनारीच्या आत मधला चौकोन. विणून झालेली शाल चुरगळलेल्या चिंधीसारखी दिसते. मग ती धुवायची, पांढरी असेल तर गंधकाची धुरी द्यायची, लाकडी चौकटीवर ताणून बांधायची. वाळली की नक्षी उघडते. उत्तम शाल चांगली सहा फूट लांब-रुंद असूनही लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येते. आपल्याकडे ढाक्याच्या मलमलीबद्दल आणि शाहतूशबद्दल हेच सांगतात.

आता सवयीने थोडं गणित केलं. समजा मोठ्या शालीत दोन लाख टाके आहेत आणि लेसचा वेग मिनिटाला पंधरा टाके आहे. म्हणजे साधारण २२० तास. उजेडाचे रोज दीड तास मिळाले तर पाच महिने, म्हणजे एक अख्खा हिवाळा. यात पिंजणं आणि कातणं धरलेलंच नाही. आकडे माझे आहेत, थोडे इकडे-तिकडे करा, उत्तर फारसं बदलणार नाही.

दोन लाख म्हटल्यावर मला आजीच्या लक्ष वाती आठवल्या. चातुर्मासात तिचा एक लाख वातींचा नेम असे. समोर परातीत कापूस, चिमटीला लावायला थोडी राख, आणि शंभर-शंभराच्या जुड्या. कुणी आलं-गेलं तरी बोलता बोलता बोटं चालूच. घरात कुणी विचारलं, "आजी काय करतेय?" तर उत्तर ठरलेलं: "काही नाही, बसल्या बसल्या वाती वळतेय." लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, कोथिंबीर खुडणं, गोधडीला टाके घालणं, हे सगळं बसल्या बसल्या. म्हणजे ती बसलेलीच आहे, वर हे काम आपोआप होतंय!

वातींचा निदान हिशोब देवाशी होता. शेटलंडच्या बायकांचा हिशोब दुकानदाराशी होता, आणि इथे तो अहवाल येतो.

पद्धत अशी. बाई शाल घेऊन लर्विकच्या दुकानात जायची. काही जणी स्वतःच्या लोकरीची शाल विकत, काही जणी दुकानदाराने दिलेल्या लोकरीवर विणून देत. दुकानदार शालीची किंमत ठरवायचा, पण पैसे द्यायचा नाही. तेवढ्या किमतीचं कापड, चहा, साखर असं काहीतरी त्याच्याच दुकानातून घ्यायचं. आज काही नको असेल तर चिठ्ठी मिळे, पुढे तीही त्याच दुकानात चालायची. गिफ्ट कूपनसारखी, फक्त गिफ्ट नव्हे, पगार. बायकांना हवं असायचं पीठ आणि घरभाडं. मिळायचं कापड आणि चहा. मग चहाच्या पुड्या घेऊन शेतकऱ्यांची दारं गाठायची आणि त्या बदल्यात पीठ किंवा बटाटे मिळवायचे. चहा ही पिण्याची वस्तू कमी आणि चलन जास्त! काही ठिकाणी मालाच्या बदल्यात एक भाव आणि रोख मागितली तर त्याहून कमी, असे दोन भाव असल्याचंही साक्षींत येतं. आणि पैसे मागितले का, या प्रश्नावर पुन्हा पुन्हा येणारं उत्तर असं, की मागून मिळत नाहीत हे माहीत होतं, म्हणून मागितले नाहीत.

दुकानदारांची बाजूही अहवालात आहे. ते म्हणत, आम्ही या बायकांना कामाला ठेवलेलं नाही. त्या आपलं घर सांभाळून फावल्या वेळात विणतात, आम्ही त्यांचा माल घेतो आणि आपला देतो. हा व्यापार आहे, मजुरी नाही. कर्मचारी की कंत्राटदार, हा वाद आपल्याला नवा वाटतो, पण तो १८७२ मध्ये लर्विकच्या शालींवरून झालेला आहे. 'फावला वेळ' हा शब्द मला तिथे फार खटकला, कारण तो आपला 'बसल्या बसल्या'च आहे. एकदा का काम फावल्या वेळातलं ठरलं, की त्यातल्या तासांची किंमत शून्य धरता येते. मग जे काही मिळेल ते वरकड, आणि वरकड मिळालेल्याबद्दल तक्रार कसली?

चौकशी झाली, अहवाल छापला गेला. मजुरी मालात देण्याविरुद्धचा कायदा १८८७ मध्ये कडक झाला. तरी शेटलंडमध्ये ही पद्धत लगेच गेली नाही, ती रेंगाळतच राहिली.

या गोष्टीत एक माणूस आपल्या ओळखीचा निघतो. निदान त्याच्या बोटी तरी. आर्थर अँडरसन, जन्म १७९२, लर्विकजवळचा. लहानपणी किनाऱ्यावर मासे सुकवण्याच्या कामावर होता. पुढे लंडनला जाऊन त्याने भागीदारीत बोटींची कंपनी काढली, तीच पी अँड ओ. १८५४ मध्ये मुंबई-सुएझ टपालाची फेरी या कंपनीकडे आली आणि पुढे पिढ्यान् पिढ्या मुंबईहून विलायतेला जाणं म्हणजे पी अँड ओची बोट, असं समीकरण झालं. याच अँडरसनने १८३७ च्या सुमारास नव्याने गादीवर आलेल्या राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे तलम विणलेले मोजे भेट दिले. राणीने वापरलं म्हटल्यावर लंडनच्या बायकांना हवंच! आज जिला मार्केटिंग म्हणतात ती अक्कल त्याला चांगली होती. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात शेटलंडच्या शाली मांडल्या गेल्या तोवर लेसची फॅशन पक्की झाली होती. म्हणजे ज्या काळात लंडनमध्ये शालींना मागणी वाढत होती, त्याच काळात ती विणणारी बाई चहाच्या पुड्या घेऊन दारोदार फिरत होती. अँडरसनबद्दल एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. १८६५ मध्ये त्याने लर्विकला शेटलंडच्या खलाशांच्या विधवांसाठी घरं बांधली. त्या म्हाताऱ्या बायकांना सगळ्यात आधी काय लागतं, ते किनाऱ्यावर वाढलेल्या त्या माणसाला ठाऊक असावं.

माझ्या मते शेटलंडच्या म्हाताऱ्या विणकरणींच्या आयुष्यातला मोठा बदल फॅशनने आला नाही, राणीने नाही, आणि चौकशीनेही नाही. तो पोस्टातून आला. १९०८ मध्ये ब्रिटनच्या पार्लमेंटने वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा केला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. रक्कम फार नव्हती, अटीही होत्या. ज्यांनी त्याआधी गरिबांसाठीची सरकारी मदत घेतली होती त्यांना सुरुवातीची दोन वर्षं वगळलं होतं. पण हे पैसे होते, चिठ्ठी नव्हती. जिने पन्नास वर्षं आपल्या शालीचा मोबदला दुकानदाराच्या फळीवरून उचलला, तिला सत्तराव्या वर्षी पोस्टाच्या खिडकीवर नाणी मोजून मिळाली, आणि ती कुठल्या दुकानात मोडायची हे तिचं तिने ठरवायचं होतं. 'निवांत विणणारी आजी' या चित्राची सुरुवात शोधायचीच झाली तर मी ती इथे धरेन. पोटाची थोडी तरी सोय झाली, की मग पाच महिन्यांची शाल पाच महिने घेऊ शकते.

पुढचं थोडक्यात. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स फेअर आइल नक्षीचा रंगीत स्वेटर घालून गोल्फ खेळला आणि सगळी मागणी तिकडे वळली. शेटलंडनेही तोच माल विणायला घेतला, कारण रंगीत स्वेटर लेसपेक्षा लवकर होतो. १९७८ मध्ये सलम व्हो इथे समुद्रातलं तेल यायला लागलं आणि बेटांवर चांगल्या पगाराच्या नोकऱ्या आल्या. तासाला किती मिळतात ते एकदा कळलं, की २२० तासांची शाल विकायला कोण विणणार? लेस उरली ती हौसेने विणणाऱ्यांकडे, आणि त्यांत निवृत्त बायका बऱ्याच. शाळेत विणकाम शिकवायला शिक्षिका असत, पैसे वाचवण्यासाठी तिथल्या कौन्सिलने २०१० मध्ये ते बंद केलं. २०१४ मध्ये 'पीरी मेकर्स' नावाचा उपक्रम सुरू झाला. पीरी म्हणजे छोटे. अनुभवी विणकर मंडळी मुलांना पट्टा बांधून, बघून-बघून विणायला शिकवतात, पूर्वीसारखंच. काम छानच आहे. पण शिकवणारे स्वयंसेवक, म्हणजे बिनपगारी. हे वाचून मी जरा थांबलो. शंभर-दीडशे वर्षांनी पुन्हा कुणाचा तरी 'फावला वेळ' कामी आला.

यावर उपाय काय, तर प्रत्येक टाक्याला दर लावा असं मी म्हणणार नाही. मावशीला तिच्या शालीची किंमत विचारली तर ती मला घराबाहेर काढेल, आणि आजीला वातींचे पैसे देऊ केले असते तर तिने जन्मभर बोलणं टाकलं असतं. स्वखुशीने घालवलेला वेळ स्वखुशीचाच राहू दे. पण स्वखुशी आहे की सोय नाही म्हणून चाललंय, हे बाहेरून दिसत नाही. दोन्हीकडे एक म्हातारी बाई खिडकीशी बसून मान खाली घालून विणत असते. फरक पडतो तो तिच्या पेन्शनने, आणि 'नाही विणत आज' असं म्हणता येण्याने.

आपण हापिसात पंधरा मिनिटांच्या मीटिंगचीसुद्धा टाइमशीट भरतो. घरात कुणी बसल्या बसल्या काही करत असेल तर पुढच्या वेळी निदान एकदा, किती तास झाले, ते विचारून बघा. उत्तर बहुधा "कोण मोजतंय?" असं येईल. तुम्ही मोजा.